भिंतीवरचे मामा

मराठी सिनेमात आणि मालिकांत माझ्या मामांनी जितकी दारं उघडली तितकी आजवर दुसऱ्या कुणी उघडली नसतील, आणि यापुढे कुणी उघडील असं मला वाटत नाही. बंगल्यांची, लॉजची, दवाखान्यांची, तुरुंगाची. एकदा तर चालत्या टेम्पोची मागची फळी. बेल वाजते, दार उघडतं, आणि दारात बनियन घातलेला, खांद्यावर पंचा टाकलेला, झोपमोड झाल्यासारखा चेहरा करून उभा असलेला जो माणूस दिसतो ते माझे मामा. आत जे काही प्रेम, खून किंवा वाटण्या व्हायच्या असतात त्या बाकीचे लोक करतात. मामांनी "कोण पाहिजे?" एवढं विचारायचं, आणि उत्तर ऐकून बाजूला व्हायचं. चाळीसेक वर्षं हे काम त्यांनी इतकं जीव लावून केलं की ते अंगातच भिनलं. आमच्याकडे सेनगावला पाहुणे म्हणून आले की कडी वाजताच सगळ्यांच्या आधी उठणार तेच. एकदा ट्रॅक्टर कंपनीचा माणूस माझ्या नवऱ्याला भेटायला हिंगोलीहून मुद्दाम आला होता. मामांनी दार उघडलं, त्याला खालून वर न्याहाळलं आणि म्हणाले, "साहेब बाहेरगावी गेलेत. निरोप असंल तर ठेवा." साहेब त्यांच्या पाठीमागे चार पावलांवर पोहे खात बसले होते. तो बिचारा निरोप ठेवून गेला.

माझं सेनगावला ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान आहे. त्यामुळे मामांची योग्यता मला घरातल्या इतरांपेक्षा जरा आधी कळली. ट्रॅक्टर घेताना वॉशरकडे कुणी बघत नाही. ऐन पेरणीत ते गेलं की मात्र मोठ्या मोठ्या बागायतदारांना माझ्या दुकानाच्या पायरीवर घाम पुसत बसावं लागतं. मी एकदा सहज म्हटलं, "मामा, तुम्ही सिनेमातलं वॉशर आहात." दुसरा कुणी रागावला असता. मामांनी ते वाक्य कागदावर लिहून घेतलं, पुढेमागे कुणी मुलाखत घेतली तर सांगायला म्हणून. मुलाखत कुणी घेतली नाही. कागद अजून त्यांच्या पाकिटात आहे.

मामा मूळचे साखऱ्याजवळचे, म्हणजे आमच्याच तालुक्यातले. सिनेमात ते कसे गेले याची हकिकत ते दर वेळी वेगळी सांगतात. माझी आई, म्हणजे त्यांची थोरली बहीण, सांगायची ती अशी की औंढ्याच्या जत्रेत तंबूतला सिनेमा बघायला गेलेला भाऊ तंबूबरोबरच निघून गेला. खरंखोटं नागनाथाला माहीत. पहिलं काम मिळालं ते दार उघडण्याचंच. समोर कॅमेरा, त्यामागे पन्नास माणसं. मामांनी दार उघडलं आणि घाबरून त्यांना सणसणीत उचकी लागली. वाक्य होतं "कोण पाहिजे?" तोंडातून निघालं, "कोण आठवण काढून राहिलं बुवा?" उचकी लागली की आमच्याकडे कुणीही हेच म्हणतं. पण मुंबईची ती पन्नास माणसं पोट धरधरून हसली, दिग्दर्शकानं ते तसंच ठेवलं, आणि तेव्हापासून मामांना दर सिनेमात एक दार आणि एक उचकी ठरलेली. मामीचा मात्र त्या प्रसिद्धीवर हक्क होता. ती म्हणायची, "त्या दिवशी मीच आठवण काढली व्हती. घरातलं तेल सरलं व्हतं."

आता त्यांच्या सवयी. मामा मनासारखा झाला नाही तर नमस्कारसुद्धा परत करतात. घरात शिरताना "नमस्कार" म्हणतील, दोन क्षण विचार करतील, "न्हाई जमला" म्हणून मागे फिरतील, चप्पल घालतील, बाहेर जाऊन पुन्हा आत येतील. औंढ्याला देवळात त्यांनी तीनदा लोटांगण घातलं, कारण पहिल्या दोन्हींत भाव कमी पडला होता. मागे सोमवारची रांग तुंबली होती. कुणीतरी ओरडलं, "ओ काका, देव काय दिग्दर्शक हाय का?" तर मामा झोपल्या झोपल्याच म्हणाले, "त्याच्यापेक्षा कडक हाय." उजेडाचंही त्यांना वेड. कुठल्याही खोलीत ते बरोबर दिव्याखालची जागा धरून बसतात. आणि तरीही, कुणी फोटो काढायला लागलं की आपोआप अर्धं पाऊल मागे सरकून दुसऱ्याच्या खांद्याआड जातात. जन्मभर "मामा, हिरोला झाकू नका" हे ऐकल्याचा हा परिणाम. माझ्या लग्नाच्या अल्बममध्ये मामांचा फक्त एक कान आहे. पण तो प्रत्येक फोटोत आहे.

तर अशा माणसाला वयाच्या साठीत एक फोन आला. रोज संध्याकाळी लागणारी नवी मालिका, मोठं घराणं, तीन मुलं, तीन सुना, आणि त्या घराण्याच्या कर्त्या पुरुषाची भूमिका. मामांनी गावात पेढे वाटले. मुंबईला गेले आणि तिसऱ्या दिवशी परत आले. मी विचारलं, "इतक्यात शूटिंग संपलं?" तर गूढ हसून म्हणाले, "माझं काम त्यांनी एकदमच करून घेतलं. रोज दिसणार हाय मी, भाचीबाई. रोज."

पहिल्या भागाला अर्धं गाव मामांच्या ओसरीत. पडद्यावर मोठा दिवाणखाना आला, थोरली सून ताट घेऊन चालत आली, भिंतीसमोर थांबली, आणि तिनं निरांजन ओवाळलं ते मामांच्या फोटोला. कोट, टाय, करडी नजर. आणि गळ्यात चंदनाचा हार.

ओसरीत शेजारच्या म्हातारीनं हळूच पदर डोळ्याला लावला. मामा तिच्या शेजारीच बसले होते. ते म्हणाले, "मावशे, मी हितं हाय." ती म्हणाली, "व्हय रे लेकरा, पण दिसतूस तर गेल्यावानी." मामीनं मंगळसूत्र डोळ्यांना लावलं आणि ती आत जाऊन नवं कुंकू लावून आली. दुसऱ्या दिवशी सकाळी पुसेगावचे एक लांबचे पाहुणे मोटारसायकलीवरून दुखवट्याला आले. त्यांनी मालिका अर्धवट पाहिली होती आणि निष्कर्ष पूर्ण काढला होता. त्यांनी कडी वाजवली. दार अर्थातच मामांनी उघडलं. समोर पांढरी टोपी, पडलेला चेहरा. मामांना वाटलं कोणी तरी मोठ्या अडचणीत आहे, त्यांनी सवयीनं विचारलं, "कोण पाहिजे?" पाहुण्यांनी पायरीवरच बसकण मारली. त्यांना शुद्धीवर आणायला दोन कप चहा लागला.

मामांना स्वतःला यात काही वावगं वाटत नव्हतं, हे ध्यानात घ्या. दारात दोन मिनिटं उभा राहणारा माणूस आता घराच्या मधोमध होता, आणि पहिल्यांदाच कुणाच्या खांद्याआड नव्हता. रोज मालिका लागली की ते समोर बसून स्वतःचं काम तपासायचे. "बघ, धाकली सून खोटं बोलून राहिली ना, माझी नजर कशी कडक झाली बघ." मी म्हणायचे, "मामा, फोटो आहे तो." "फोटोच हाय. म्हणून तर अवघड हाय. हलायचं न्हाई, बोलायचं न्हाई, आन समदं दाखवायचं." एखाद्या दिवशी नाराज होऊन म्हणायचे, "आज जरा कमी पडलो." त्या दिवशी सुनेनं फोटोसमोरचा दिवा विझवला होता.

इथपर्यंत सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण संक्रांतीचं हळदीकुंकू आलं. मामी दरवर्षीसारखी शेजारी गेली. पदर डोळ्याला लावणाऱ्या त्याच म्हातारीनं सगळ्या बायांना कुंकू लावलं आणि मामीपाशी आली, तसा तिचा हात हवेतच थांबला. क्षणभरच. वाईट मनानं नाही. रोज संध्याकाळी तिनं तो हार पाहिलेला, हातालाच काय करावं कळेना. लगेच तिनं जीभ चावली आणि इतकं कुंकू लावलं की नाकावर सांडलं. मामी हसली, वाण घेतलं, घरी आली. त्यानंतर ती कुणाच्याही हळदीकुंकवाला गेली नाही.

त्याच सुमारास मामीच्या पोटात दुखू लागलं. मी तिला नांदेडला नेलं. डॉक्टर म्हणाले, पित्ताशयात खडे आहेत, पिशवी काढून टाका, थांबू नका, फुटली तर जिवावर बेतेल. मी लगेच तारीख ठरवायला निघाले. मामी म्हणाली, "म्या न्हाई येत."

"काहून?"

"तुझा मामा हार घालून भिंतीवर लटकून राहिलाय. तो हार निघंपर्यंत म्या टेबलावर झोपणार न्हाई."

मी म्हटलं, "मामी, ते शूटिंग आहे."

"मला ठाऊक हाय गं शूटिंग. यमाला ठाऊक हाय का? हार बघून त्यो यायचा, ह्यो माणूस चहा पिऊन राहिला म्हणून बघायचा, आन रिकाम्या हातानं कसा जाईल? शेजारी म्या झोपलेलीच."

या बोलण्यात मला एकही फट सापडेना. मी तिला खड्यांचा फोटो दाखवला, डॉक्टरांशी फोनवर बोलायला लावलं, रागावले, शेवटी जेवण सोडायची धमकी दिली. ती म्हणाली, "सोड. तुझं वजनबी वाढलंय." दोनदा कळ येऊन तिचा जीव कासावीस झाला, ओठ पांढरे पडले, तरी बाई हलेना. आता प्रश्न मामांचा होता. हार काढा म्हणून सांगायचं म्हणजे त्यांनीच स्वतःला भिंतीवरून उतरवून घ्यायचं. दुसरं काम हातात नव्हतं आणि मिळण्याचं वय गेलं होतं. शिवाय या माणसानं चाळीस वर्षांत सेटवर दुसरा कप चहासुद्धा कधी मागितला नव्हता. दोन दिवस त्यांनी मालिकासुद्धा बघितली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी माझ्या दुकानात आले, दाराबाहेर उभे राहून दोनदा नमस्कार केला, दोन्ही जमले नाहीत, आणि म्हणाले, "लाव फोन."

मी मालिका लिहिणाऱ्या मुलीला फोन लावला आणि तो मोठ्या आवाजावर करून फिल्टरच्या खोक्यांवर ठेवला. दुकानात दोन गिऱ्हाइकं होती, तीही थांबली.

"बोला मामा," ती मुलगी म्हणाली.

"ताई, एक तकलीफ द्यायची व्हती. फोटो उतरवता का माझा?"

"अहो मामा, असं कसं? सगळ्या शपथा तुमच्यासमोर होतात. तुम्हाला काढलं तर कथाच अडेल."

मामांचा चेहरा उजळला. कथा आपल्याविना अडते हे त्यांना कुणी प्रथमच सांगत होतं. त्यांचा पाय मागे सरकायला लागला. मी समोरचा पाना काउंटरवर आपटला.

"मग... मग फोटो राहू द्या," मामा म्हणाले. "हार तेवढा काढा."

"हार काढला तर तुम्ही जिवंत व्हाल ना!"

"व्हय. म्या हायेच."

ती म्हणाली, "पण मामा, मग इतके दिवस तुम्ही होतात कुठे?"

मामांनी माझ्याकडे पाहिलं. मी गिऱ्हाइकांकडे. त्यांतला एक, पुसेगावचा, कुजबुजला, "हरवले म्हणा. जत्रेत."

"हरवलो," मामा म्हणाले. "आमच्याकडं जत्रेत माणसं हरवत्यात. म्या सोता हरवलेलो हाय."

"थांबा मामा, थांबा," ती मुलगी घाईघाईनं म्हणाली, "मी लिहून घेते."

पंधरा दिवसांनी मालिकेत वीज कडाडली, तिन्ही सुना एका रांगेत वळल्या, आणि सासूबाईंनी स्टुलावर चढून फोटोचा हार ओढून काढला. "हे गेलेले नाहीत!" त्या ओरडल्या. ओसरीत शिट्ट्या वाजल्या. मामी शांतपणे उठली, कपाटातून नवं लुगडं काढलं आणि मला म्हणाली, "पिशवी भर. सकाळी नांदेडला जायचंय." ऑपरेशन नीट झालं. निघालेले खडे तिनं बाटलीत भरून आणले आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवले. ती बाटली मामांनी शोकेसमध्ये ठेवली. सन्मानचिन्हासाठी एक कप्पा त्यांनी कित्येक वर्षं मोकळा ठेवला होता, त्यात ती बरोबर बसली. पुढच्या संक्रांतीला मामीनं हळदीकुंकू स्वतःच्या घरी घेतलं, आणि शेजारच्या म्हातारीला पहिल्या पाटावर बसवलं.

आणि हरवलेला माणूस म्हटला की तो परत यायलाच हवा, हे मालिकावाल्यांना कुणी शिकवायला नको. शेवटच्या भागासाठी मामांना बोलावणं आलं. या खेपेला दार दुसरं कुणी उघडणार होतं आणि मामा बाहेर उभे राहणार होते. वाक्य एकच: "उशीर झाला, पण घर चुकलो नाही." दिग्दर्शकानं बजावलं होतं, मामा, हात जोडतो, उचकी नको. तो भाग तुम्ही कदाचित पाहिला असेल. दार उघडतं, मामा उभे, आणि शब्द फुटण्याआधी त्यांचा गळा असा काही दाटून येतो, गळ्याच्या शिरा अशा ताणतात, की घराघरांतून लोक रडले. मामांच्या ओसरीतही सगळे रडले. मामी तेवढी टीव्हीकडे बोट दाखवून म्हणाली, "उचकी दाबून राहिलेत ते." मामांनी मान डोलावली. तीच गोष्ट होती. शूटिंगच्या वेळी नेमकी उचकी आली होती आणि त्यांनी ती जीव खाऊन गिळली होती.

त्यानंतर मामांनी काम थांबवलं, म्हणजे काम यायचं थांबलं. आता ते गावी असतात आणि शाळेच्या, ग्रामपंचायतीच्या, सोसायटीच्या दारांत उगाच उभे असतात. गेल्या हिवाळ्यात त्यांच्या छातीत कफ साठला, श्वास घेता येईना. नांदेडच्या दवाखान्यात बारा दिवस होते, त्यांतले चार अतिदक्षता विभागात, काचेच्या आत. मी जाऊनयेऊन होते. मामीचे गुडघे गेलेले, तिला जिना चढवत नव्हता, म्हणून ती घरीच. मामांचे कपडे न्यायला मी एका दुपारी गेले तर ती टीव्हीसमोर एकटी बसलेली. ती मालिका दुपारी पुन्हा पहिल्यापासून लागली होती. भिंतीवर मामा, गळ्यात हार. मी रिमोटला हात घातला.

"राहू दे," मामी म्हणाली. "येत्यात ते शेवटी. मला ठाऊक हाय."

बाराव्या दिवशी मी त्यांना माझ्या जीपमधून घरी आणलं. पायऱ्या चढताना ते चारदा थांबले. दार लोटलेलं होतं, पण जन्मभर दुसऱ्यांना दारं उघडणाऱ्या या माणसाला स्वतःच्या घराचं दार ढकलायचं सुचेना. ते नुसते उभे राहिले. मग दार आतून उघडलं. मामी भिंतीला धरून धरून आली होती. तिनं त्यांना खालून वर न्याहाळलं आणि विचारलं, "कोण पाहिजे?"

मामांनी तोंड उघडलं. गळ्याच्या शिरा ताणल्या, अगदी त्या शेवटच्या भागासारख्या. शब्द येईना. मामी हळूच, सेटवर कुणी वाक्य सुचवतं तशी म्हणाली, "उशीर झाला, पण..."

तरी त्यांना बोलता आलं नाही. उचकी येईल म्हणून मी वाट पाहिली. ती काही आली नाही. शेवटी मी आत जाऊन तांब्याभर पाणी आणलं आणि ती दाबलेली उचकीच आहे असं धरून मामांच्या हातात दिलं. उचकी लागली की माणसाला पाणी द्यावं, एवढं मला कळतं.